मास्तरांची टोपली

शिवणखात्यात माणसं बावीस, आणि तपासणीत एकोणीस जणांचं चांगलं कोलेस्टेरॉल कमी निघालं. कमी म्हणजे बरंच की, असं समजून कापणीच्या मास्तरांनी सगळ्यांना आइस्क्रीम वाटलं! डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो मास्तर, हे जास्त असावं लागतं."

झालं! मास्तरांचा आकडा तर सगळ्यांत खाली. त्यांच्या जिवाला घोर लागला. लेकीला सातवा महिना होता, आणि तिचा हट्ट एकच: दवाखान्यातून बाळाला घरी न्यायचं ते बाबांनीच, स्वतःच्या हातांनी. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि मास्तरांचा दुसऱ्याच मजल्यावर भाता व्हायचा.

डॉक्टरीणबाईंनी एकेकाला खोदून विचारलं. घराण्यात कुणाला? पाच-सहा जणांच्या होतं. सिगारेट? दोघं जमिनीकडे बघू लागले. पोटाचे घेर तर दिसतच होते. "कारणं अनेक असतात, एकाच्याच डोक्यावर खापर फोडता येत नाही. पण ते उरलेले तिघं कोण?"

इस्त्रीवाल्या मावशी आणि गोदामातल्या दोघी बहिणी. दिवसभर पायांवर.

तेवढ्यात डोक्यावरून टोपली सरसरत गेली. कप्पीवर चालणारी ही टोपली म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण! कापड, दोरे, चहासुद्धा जागेवर मिळायचा. बारा वर्षांत कुणाला खुर्ची सोडावी लागली नव्हती.

"हे डोकं कुणाचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझं," मास्तर ऐटीत म्हणाले, आणि दुसऱ्या क्षणी त्यांचा चेहरा पडला. "अरे देवा! सगळ्यांच्या पायावर मीच धोंडा पाडला की!"

त्यांनी कात्री घेतली आणि दोरी कापली.

"मास्तर, आता चहा?"

"पाय कशाला दिलेत? उठा!"

आठवडाभर खात्यानं मास्तरांचा उद्धार केला. मास्तर मात्र सगळ्यांचे गठ्ठे स्वतः वाहायचे, जिने चढायचे, धापा टाकायचे, पुन्हा चढायचे. तीन महिन्यांनी आकडा जेमतेम दोनानं वाढला. "दोन तर दोन!" म्हणून मावशींनी टाळ्या पिटल्या.

आणि त्याच आठवड्यात नात झाली. तिला छातीशी धरून मास्तर निघाले. पहिला मजला, दुसरा, तिसरा. वर घरात तीच टोपली मऊ दुपटं घालून तयार होती.

खालून, नवऱ्याचा हात धरून येणारी लेक ओरडली, "बाबा, थांबा ना जरा, मला दम लागला!"

मास्तरांचे डोळे भरून आले. "ये गं सावकाश," ते म्हणाले. "आम्ही दोघं दार उघडून बसतो."