घासलेली कड

“पाय पुसून या म्हणे! भिंतीला हातभर भेग, नि ह्यांना काळजी फरशीची,” गवंडी पायपुसण्याशी पुटपुटला. हळूच, पण सुनेला नीट ऐकू जाईल इतपत.

एरवी ती हसली असती. तिने मुकाट्याने आतल्या खोलीचा पडदा सारला.

भिंतीला लागून सासूबाईंचा पलंग. दोन वर्षं त्या अंथरुणालाच खिळलेल्या. खिडकी, औषधं, पाण्याचा पेला, त्यांचं सगळं जग हाताच्या अंतरावर. उशाशी छतापासून उतरलेली भेग, आणि भेगेवर प्लास्टरने आडवी चिकटवलेली काचेची पट्टी. तीन महिन्यांपूर्वी गवंड्यानेच लावलेली. वरच्या मजल्याचा सगळा भार ह्या भिंतीवर, तो तेव्हा म्हणाला होता. काचेला वाकणं ठाऊक नाही. भिंत केसभर जरी सरकली तरी ती तडकेल. तडकली, की खोली रिकामी करायची.

“बघा, जशीच्या तशी आहे,” सासरे म्हणाले. जरा घाईनेच. उभी हयात त्यांनी तसबिरींना काचा बसवण्यात घालवली होती.

गवंडी स्टुलावर चढला. पट्टीच्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला. मग पुन्हा एकदा, सावकाश.

“बाबा, मी काच पकडीनं मोडतो. माझी कड बोट कापते. ही तर खुशाल गालावरून फिरवावी.”

सासऱ्यांनी हात पाठीमागे नेले. त्यांच्या नखांतलं पांढरं प्लास्टर सुनेला कितीदा तरी दिसलं होतं. तिने विचारलं नव्हतं. तिच्या नवऱ्यानेही नाही.

“स्टूल डुगडुगतंय,” म्हणत ती ते धरायला वाकली. स्टूल जागचं हललंही नव्हतं.

“एकदा तडकली असेल थंडीनं,” सासरे खिडकीकडे बघत म्हणाले. “आता हिला ह्या खोलीतून कुठं…”

पलंगाशेजारच्या स्टुलावर पेला ठेवल्याचा आवाज झाला.

“एकदा नाही, चारदा,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या उशाशी तडकते, मला ऐकू येत नाही होय? तुम्ही नवी लावायला आलात, की मी डोळे मिटून पडायची. हात अजून हलका आहे हो तुमचा.”

त्यांनी उशाशी हात नेऊन भेगेवर तळवा टेकवला.

“अहो, ही भिंत पडणार आहे. हलवा मला.”