डावीकडे कललेले टाके

"हात आत घ्या, हात!" कंडक्टर दुसऱ्यांदा ओरडला तेव्हा रंगनाथ राहुरीच्या पुढे कुठेतरी उसाच्या शेंड्यांवर तरंगत होता.

खिडकीबाहेर लोंबणारा उजवा हात त्याने आत ओढला आणि खांद्यावरच्या पंच्याखाली दडवला. बाहेर बरं होतं. वाऱ्याने सगळंच हलतं, त्यात एक हात हलला तर कोणाचं लक्ष जातं?

"कुटं गेल्ते?" शेजारी बसलेल्या लंकाबाईने विचारलं. तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेली चामड्याची बॅग होती, नगरच्या दुकानदाराला दाखवायला आणलेला नमुना.

"कुटं जातोय? हितंच हुतो की."

"हितं असता तर त्यानला दोनदा ओरडाय लागलं नसतं."

रंगनाथ हसला. बायकोचं बोलणं खरं होतं आणि ते गावालाही ठाऊक होतं. कोल्हारमध्ये मनगटाइतकं जाड चामडं कापणारा हा माणूस मनाने कापसाचा होता. काम करता करता त्याची तंद्री लागे. कोणी बॅग करायला सांगितली की ती बॅग पुढे कुठे कुठे जाईल हेच त्याला आधी दिसू लागे. गुरांच्या डॉक्टरला केलेली बॅग शेवगावला बदली होऊन गेली, तर हा आठवडाभर मनाने शेवगावात. स्वतः मात्र तो राहुरीच्या बाजारापलीकडे फारसा गेलेला नव्हता. बॅगा फिरत आणि त्यांच्या मागून हा स्वप्नात फिरे.

आताही त्याचा डोळा कंडक्टरच्या खांद्यावर होता. ती बॅग त्याच्याच हातची. दहा-बारा वर्षांपूर्वी कोल्हारच्या स्टँडवर एका कंडक्टरने करून घेतली होती, ती हातोहात या पोराकडे आलेली दिसत होती. चामडं काळं पडलं होतं, पण शिवण जिथल्या तिथे. टाके सगळे उजवीकडे जरासे कललेले, वाऱ्यातल्या गव्हासारखे. आरीने भोक पाडायचं आणि दोन्ही बाजूंनी दोन सुया एकाच भोकातून काढायच्या, अशी ही शिवण असते. तिच्यात टाका शिवणाऱ्याच्या जोराच्या हाताकडे झुकतो. रंगनाथचा जोराचा हात उजवा होता.

होता, असंच म्हणायला हवं. दोन वर्षांपासून तो थरथरू लागला होता. आधी बोटं, मग मनगट. आरी दाबायला अंगाचा भार टाकता येई, म्हणून भोकं नीट पडत. पण दोरा खेचताना हाताला बळच पुरत नसे. हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं, लंकाबाईलाही नाही. आणि नवल असं, की बॅगांबद्दल कोणाची तक्रार नव्हती. उलट लोक म्हणत, रंगनाथ, तुझी शिवण अजून तशीच हाय बघ. मग हात थरथरतो पण टाका थरथरत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. तयार झालेली बॅग निरखून बघायची त्याला सवयच नव्हती. शेवटची गाठ मारली की ती बाजूला पडे. तेलपाणी करायचं, पुसायचं, फडक्यात बांधायचं, हे सगळं लंकाबाईकडे. त्याच्या डोळ्यांपुढे तोवर पुढची बॅग आलेली असे.

या खेपेला मात्र एकदम चाळीस बॅगा डोळ्यांपुढे होत्या. साखर कारखान्याने चिटबॉयांसाठी, उसाच्या तोडीच्या चिठ्ठ्या घेऊन शेताशेतांतून सायकलवर हिंडणाऱ्या पोरांसाठी, चामडी बॅगा सांगितल्या होत्या. एकाहत्तर साल होतं, दसरा तोंडावर आलेला, आणि गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत माल हवा होता. हाताने ते होणारं नव्हतं. म्हणून मशीन घ्यायला दोघं नगरला निघाली होती.

"मशीन आलं की तुमचं बोटं सोलायचं थांबंल," लंकाबाई म्हणाली.

"व्हय," रंगनाथ म्हणाला. पण बस विळद घाट चढत होती आणि त्याला चाळीस सायकली दिसत होत्या, चाळीस खांदे आणि उजवीकडे कललेली चाळीस बॅगांची शिवण.

शिवणयंत्राचं दुकान कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दुकान चालवणारे नृसिंहराव कानाला चष्म्याची दोरी अडकवून एका मशीनच्या पोटात तेल सोडत होते. लंकाबाई दुकानाच्या पायरीवरच टेकली. आत आपलं काय काम, असं तिला वाटलं असणार. रंगनाथनेही तिला या म्हटलं नाही.

"चामड्याला म्हणता? मग कपड्याची मशीनं बघूच नका," नृसिंहराव म्हणाले. "सुया मोडतील आणि शिव्या मला द्याल. माझ्याकडे चामड्याची दोनच आहेत. किमतीत म्हणाल तर फरक नाही. आपलं काम बघून ठरवा."

पहिलं मशीन लहानखुरं होतं. पुढे लांब, बारीक हात आणि बाजूला फिरवायचं चाक. "हा हात बॅगेच्या आत जातो. तयार बॅगेचा कोपराही शिवता येईल. एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्याने चामडं पुढे सारायचं. पण चाल मुंगीची आहे, आधीच सांगतो."

दुसरं पायाने चालवायचं होतं. काळंभोर, जड, गाडीच्या इंजिनासारखं. लष्कराच्या लिलावातून आलेलं. "यावर तंबू शिवले आहेत, घोड्यांची खोगिरं शिवली आहेत. चाळीस बॅगा म्हणजे याला नाश्ता. पाय खाली चालतात, दोन्ही हात मोकळे. पण पळतं. हात स्थिर पाहिजेत. चामड्यात चुकून पडलेलं भोक बुजत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार?"

रंगनाथने पिशवीतून चामड्याचे तुकडे काढले. आधी चाकाच्या मशीनवर बसला. उजवा हात चाकावर ठेवला आणि फिरवलं. हात थरथरत होता, पण चाकाला त्याचं काहीच नव्हतं. चाक आपलं फिरत राहिलं, सुई वर-खाली होत राहिली आणि वीतभर सरळ शिवण पडली. रंगनाथला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. या मशीनवर मरेपर्यंत शिवता येईल. कोणाला कळणारही नाही. चाळीस होणार नाहीत, वीस होतील. नाहीतर पंधरा. कारखान्याला काहीतरी सांगता येईल.

"आता हे बघा," नृसिंहरावांनी दुसऱ्याकडे बोट केलं.

तो बसला. पाय दाबला मात्र, मशीन उधळलं. दोन्ही हातांनी धरलेला तुकडा थरथरला, सुई इकडे गेली, तिकडे गेली. थांबवलं तेव्हा चामड्यावर नांगरट चुकलेल्या बैलाच्या तासासारखी रेघ पडली होती.

"सवं न्हाई," रंगनाथ पुटपुटला आणि हात पंच्याखाली गेला.

नृसिंहरावांनी पाहिलं असेल तरी दाखवलं नाही. "होते सवय. तुमचा नमुना आणलाय ना? दोरा केवढा लागेल ते बघतो."

लंकाबाईने पायरीवरूनच बॅग पुढे केली. नृसिंहरावांनी फडकं सोडलं, चष्मा नाकावर घेतला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. मग नखाने एक टाका उचकायचा प्रयत्न केला. तो उचकेना.

"अहो, ही हाताची शिवण आहे?" ते म्हणाले. "चाळीस वर्षं मशीनं विकतोय. इतका घट्ट टाका माझं एकही मशीन घालत नाही. तुम्हाला मशीन कशाला हवं?"

रंगनाथ आधी फुलला. मग त्याला कसंसंच झालं. घट्ट? महिन्यापूर्वीच ही बॅग त्याने शिवली होती, आणि दोरा खेचता खेचता हाताने दगा दिला होता हे त्याला पक्कं आठवत होतं. शेवटच्या बाजूला तर टाके अगदी सैल राहिले होते. तेव्हा त्याने नजर फिरवली होती.

त्याने बॅग घेतली आणि दाराशी उजेडात नेली. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो आपली तयार बॅग नीट बघत होता.

टाके डावीकडे कलले होते.

एक-दोन नाही, सगळे. भोकं त्याचीच होती, आपली भोकं त्याने अंधारातही ओळखली असती. पण त्यांतून गेलेला दोरा दुसऱ्या कोणाचा तरी होता. कोणीतरी त्याची शिवण टाका टाका करून उसवली होती आणि त्याच भोकांतून पुन्हा घातली होती, ओढून, घट्ट, डाव्या हाताच्या जोराने.

घरात डावखुरं एकच माणूस होतं. नवी सून म्हणून आली तेव्हा डाव्या हाताने वाढते म्हणून त्याच्या आईने तिला किती बोल लावले होते. आणि मेणाचा दोरा! दोन वर्षं त्याचं रीळ पूर्वीच्या निम्म्या दिवसांतच संपत होतं. दोन-तीनदा तो दुकानदाराशी भांडून आला होता, माप कमी देतोस म्हणून. दुपारी जेवण झालं की त्याला निंबाखाली डुलकी लागे, आणि उठला की लंकाबाई बॅग पुसत बसलेली असे. "झालं न्हवं तेलपानी?" तो विचारी. "झालं," ती म्हणे.

आधी त्याला लाज वाटली. मग राग आला, असा की बॅग रस्त्यावर फेकून द्यावी. गावाने वाखाणलेली शिवण आपली नव्हतीच तर. डॉक्टर, मास्तर, पोस्टमन, सगळ्यांच्या खांद्यावर दोन वर्षं ती फिरत होती आणि मान आपण मिरवत होतो. आणि मग त्या सगळ्या दुपारी त्याच्या डोळ्यांपुढून वाहत गेल्या. निंबाची सावली, आपलं घोरणं, आणि चार हातांवर ती, गुडघ्यांत बॅग धरून, दात दाबून दोरा खेचणारी. मधेच आपण कूस बदलली की थांबणारी. दोन वर्षांत एक शब्द नाही. राग कुठे गेला ते त्याला कळलंच नाही.

लंकाबाई पायरीवर पाठमोरी बसून रस्त्यावरची गर्दी बघत होती. तिच्या डाव्या तर्जनीवर दोऱ्याने कापलेली खोल, जुनी रेघ होती. इतकी वर्षं त्या हातची भाकरी खाऊन ती त्याला दिसली नव्हती.

"मग काय करू?" नृसिंहरावांनी विचारलं. "चाकाचं बांधू ना? तुमच्या हाताला तेच बसलं."

रंगनाथने चाकाच्या मशीनकडे पाहिलं. फार मायेने पाहिलं. मग दाराकडे तोंड करून त्याने हाक मारली.

"लंका."

तिला ती आपल्याला आहे हे कळलंच नाही. सव्वीस वर्षांत त्याने तिचं नाव फक्त लग्नातल्या उखाण्यात घेतलं होतं. त्यानंतर सगळं "अगं" आणि "ऐकलं का". चारचौघांत नाव घेणं त्यांच्याकडे नव्हतंच.

"लंका, आत ये."

ती दचकून उठली. पदर सावरत आत आली आणि तिने आधी नवऱ्याच्या हातातल्या बॅगेकडे बघितलं. त्याचा अंगठा शिवणीवर होता. तिचा चेहरा उतरला. चोरी पकडल्यासारखी ती उभी राहिली.

"कवा कळलं?" ती हळूच म्हणाली.

"आत्ता."

"मी म्हनलं, तुमाला वाईट वाटंल..."

"वाटलं की. लई वाटलं." मग जड मशीनपुढचं स्टूल त्याने पायाने सरकवलं. "बस हितं. चालवून बघ."

"मी?" ती नृसिंहरावांकडे बघू लागली. "अवो, चाकाचं घ्या की. तुमाला जमंल."

"मला पंधरा जमतील. चाळीस तुला जमतील. बस."

"पर यात बॅगंचा कोपरा कसा शिवायचा? हे आत जात न्हाई," ती म्हणाली. म्हणजे पायरीवर बसून तिने सगळं ऐकलं होतं. मग स्वतःच उत्तर दिलं, "उलटी शिवाय लागंल. मग पानी लावून उलटवायची. कडंला वल आली की कातडं वळतंय."

"बरोबर," नृसिंहराव म्हणाले. खोगिरं अशीच शिवत असत, असंही काही ते पुढे सांगू लागले, पण कोणाचं लक्ष नव्हतं. ते रंगनाथकडे वळले. "घरात शिवतं कोण मग?"

"ही," रंगनाथ म्हणाला. "शिवण हिची हाय. माजी निस्ती भोकं."

लंकाबाईने चपला काढून बाजूला ठेवल्या. मशीनला हात लावून तो कपाळाला लावला, स्टुलावर बसली आणि अनवाणी पाय खाली टेकवले. सुरुवातीला मशीन एकदा मागे फिरलं, एकदा अडलं. तिसऱ्या खेपेला चाललं. तिने चामड्याचा लांब पट्टा सुईखाली घातला, डावा हात पुढे, उजवा मागे, आणि मान खाली घातली. खडखड दुकानभर झाली. नृसिंहरावांनी तेलाची बुधली खाली ठेवली. शेजारच्या दुकानातला शिंपी दारात येऊन उभा राहिला.

पट्टा सुईच्या पलीकडून बाहेर येऊ लागला आणि वजनाने खाली ओढला जाऊ लागला. शिवण वाकडी व्हायची भीती होती. पलीकडून कोणीतरी तो धरायला हवा होता. नृसिंहराव पुढे सरसावले, पण रंगनाथ आधीच मशीनच्या मागे जाऊन उभा राहिला होता. त्याने पंचा खांद्यावरून काढून बाजूला टाकला आणि उजवा हात पुढे केला. हात थरथरत होता. हातातलं चामडं थरथरत होतं. शिंप्याने ते पाहिलं, नृसिंहरावांनी पाहिलं, आणि लंकाबाईने मान वर करून पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो हात तिच्यासमोर उघडा होता.

तिने पायांचा वेग कमी केला.

"धरलं का?" ती म्हणाली.

"धरलंय," रंगनाथ म्हणाला. "तू चालू दे."