पंच मिळेना

मल्हारीने तेलाच्या नमुन्याची दुसरी बाटलीही फरशीवर आपटली आणि आडव्या आलेल्या सरकारी शिपायाच्या, शेखलालच्या, तोंडावर ठोसा हाणला. म्हातारा सांडलेल्या तेलात घसरून पिंपावर आदळला. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. तरी तिसरी बाटली त्याने पोटाशी धरूनच ठेवली.

“ती बी फोड!” गोदामाचा मालक आण्णा ओरडला. अन्न-औषध खात्याच्या साहेबांना त्याने गचांडी धरून भिंतीला दाबलं होतं. “नमुनाच न्हाई तर केस कसली?”

दौंडच्या बाजारात आण्णाशी कुणी वाकडं वागलं, की त्याच्या दारात मल्हारी जायचा. मग वाकडे आपोआप सरळ होत. पिवळ्या धोत्र्याचं विषारी तेल टेम्पोतून त्यानेच उतरवलं होतं. ते पिंपातल्या शेंगतेलात कालवून सणसवाडीच्या खोल्यांमधल्या परमुलखातल्या कामगारांना सुटं विकलं जायचं. आपल्याला काय त्याचं? शेंगेचं चित्र असलेला सीलबंद डबा मात्र चोख, अशी त्याची पक्की समजूत होती.

त्याने शेखलालची मानगूट धरून पुन्हा हात उगारला.

“मार. पर आदी वळख तरी घे,” शेखलाल म्हणाला. “मांडवगणचा हाय मी. तुझ्या भनीच्या, धुरपदाच्या शेजारचा. जागरणाला तू आहेर नेलास, त्या डब्यातलं तेल म्हैनाभर खाल्लं त्यांनी. घरातली पाच माणसं सुजल्यात. धुरपदाला दम घेता येईना. आज पहाटं पुण्याला हलवली तिला.”

“खोटं. सीलचा डबा व्हता त्यो.”

“सायबांच्या जीपमधी हाय डबा. जाऊन बघ.”

तो गेला. डब्यावर शेंगेचं चित्र होतं आणि त्यावर त्याने स्वतः ओढलेली भंडाऱ्याची पाच बोटं. बहिणीला चांगलं काही न्यावं म्हणून त्याने थप्पीतला सगळ्यात कोरा डबा निवडला होता. कामगारांच्या ताटाची त्याला कधी लाज वाटली नव्हती. ती आता वाटली.

परतला तो थेट आण्णासमोर.

“सीलच्या डब्यात बी तेच?”

“मंग? डब्याला काय येगळा घाणा लावायचा व्हय?”

मल्हारीने त्याचं डोकं शटरवर आपटलं. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा साहेबांनीच त्याला मागे ओढलं. आण्णा तोंड धरून खाली बसला, बोटांतून रक्त गळत होतं.

साहेबांनी पिंपातून नव्याने तीन बाटल्या भरल्या आणि लाखेने सील केल्या.

“आता पंच हवा. साक्षीला सही करणारा.”

“मी करतो.”

“तू आरोपी आहेस. शिपायाला मारलंस, त्याची केस होणार तुझ्यावर.”

“करा.”

मारामारी सुरू होताच बाजाराने शटरं ओढून घेतली होती. समोरच्या हॉटेलाचा मालक गेणबा तेवढा शटरच्या फटीतून बघत होता. मल्हारीने जाऊन ते शटर वर ढकललं.

“मामा, चला. सही करायचीय.”

“नगं रं बाबा. आण्णा सोडंल व्हय मला? उद्या माणूस धाडंल दारात.”

“कुणाला धाडंल?”

गेणबा त्याच्या रक्ताळलेल्या मुठींकडे बघत राहिला. मग त्याने हात धोतराला पुसले आणि रस्ता ओलांडून साहेबांकडे पेन मागितलं.