बाबाचा ट्राम

गिरिजाच्या नवऱ्याचा जन्म बर्मिंगहॅमचा. त्यामुळे त्याच्या मराठीत चहा गरम झाली, पाऊस पडली आणि ट्राम आला. चहा-पावसाचा नाद तिने केव्हाच सोडला होता. पण ट्राम? इंद्रजित ट्रामच चालवायचा. दिवसातून वीसदा तिचं नाव घ्यायचा आणि वीसही वेळा चुकायचा.

"ट्राम ती, इंद्रजित. ती आली, ती गेली."

"तुझ्या सांगलीत ट्राम आहे?"

"नाही."

"मग तुला कसं माहीत?"

तरी दुसऱ्या दिवशी तिने त्याला पुन्हा सुधारलंच.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत बर्फ पडला, तो घोटा बुडेल इतका. वरच्या विजेच्या तारेवर बर्फ धरू नये म्हणून पहाटेपासून रिकाम्या ट्राम इकडून तिकडे फिरवत ठेवल्या होत्या. इंद्रजितची पाळी आठची. वेस्ट ब्रॉमविचला तीन वर्षांच्या सियाला नर्सरीत सोडून तो तसाच पुढे कामावर जाणार होता. गिरिजाने लेकीला मोज्यांची तिसरी जोडी चढवली.

"आई, पाय वाकत नाही," सिया म्हणाली.

"नको वाकू देत." मग नवऱ्याकडे वळून, "आणि हे बघ, काही झालं तर कळव. मी घाबरते म्हणून लपवायचं नाही."

"ओके, बॉस."

गिरिजा शहरातल्या एका लायब्ररीत कामाला होती. साडेअकराला तिने फोन पाहिला, तर इंद्रजितचा निरोप रेकॉर्ड झालेला.

"गिरिजा, लपवायचं नाही म्हणालीस, म्हणून सांगतो. ती घसरली. थोडीशीच. आता चालते, पण हळूहळू. संध्याकाळी तपासायला न्यावी लागेल. डोन्ट वरी."

हळूहळू चालते म्हणजे? पाय मुरगळला? आणि तपासायला संध्याकाळी का, आत्ता का नाही? या माणसाला काही कळतं का! तिने फोन लावला. बंद. गाडी चालवताना तो बंदच ठेवायचा. नर्सरीचा फोन एंगेज, पुन्हा एंगेज. आज लवकर बंद करणार का, हे गावातला प्रत्येक पालक विचारत असणार. बसगाड्या तर चढावर जागोजागी अडकलेल्या.

साहेबीणबाईंना कसंबसं सांगून ती निघाली, घसरत, सावरत, स्नो हिलच्या ट्राम-फलाटापर्यंत. तिथली पन्नाशीची कंडक्टर हातावर फुंकर मारत उभी होती. "येईल गं, बॅब," ती इथल्या लाडाच्या बोलीत, मायेने म्हणाली, "आज जरा दमाने घे."

दम कुठला! दहा मिनिटांनी तारेवर निळ्या ठिणग्या उडवत ट्राम आली. पुढच्या केबिनमधून इंद्रजित उतरला, पाठीला पिशवी, परतीच्या फेरीसाठी दुसऱ्या टोकाच्या केबिनकडे निघालेला. बायकोला पाहून जागीच थांबला.

"तू इथे?"

"किती लागलंय तिला?"

"कोणाला?"

"पोरीला! घसरली म्हणालास ना?"

"सिया? सिया मजेत आहे! ट्राम घसरली. स्टॉपच्या दहा पावलं पुढे जाऊन थांबली, बस."

"मग 'ती' कशाला म्हणालास?"

इंद्रजितचा चेहरा पडला. "सकाळपासून प्रॅक्टिस करत होतो. ट्राम ती, ट्राम ती. म्हटलं, एकदा तरी करेक्ट बोलू."

गिरिजाला रडू आलं आणि हसूही. तिने हातमोज्याने त्याच्या दंडावर दोन फटके दिले.

"सगळं ठीक ना, बॅब?" कंडक्टरने लांबून विचारलं.

ठीक होतं, तरी गिरिजा ट्राममध्ये चढलीच. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. एरवीचा वीस मिनिटांचा रस्ता त्या दिवशी पाऊण तासाने सरला. नर्सरीच्या अंगणात सिया बर्फाच्या माणसाला स्वतःची टोपी घालत होती. गिरिजाने तिचे दोन्ही गुडघे चाचपले, मनगटं चाचपली, डोकंही.

"आई, गुदगुल्या होतो!"

"होतात," गिरिजा म्हणाली.

एक वाजता नर्सरी बंदच झाली. दोघी परतीच्या ट्रामसाठी स्टॉपवर उभ्या राहिल्या. सियाच्या टोपीवर आता आईचा स्कार्फही होता. पांढऱ्याशुभ्र वळणावर एक दिवा दिसला, घंटा वाजली, आणि सिया ताठ पायांनी उड्या मारू लागली.

"आई, बघ! बाबाचा ट्राम आला!"

सवयीने गिरिजाचं तोंड उघडलं. काचेमागून इंद्रजित हात हलवत होता.

"हो गं," ती म्हणाली, "आला एकदाचा."