आजाऱ्यांचा फळा

चर्चच्या व्हरांड्यात एक फळा आहे. त्यावर आजाऱ्यांची नावं लिहितात. नाव चढलं की माणूस एकटा पडत नाही, ही त्या मंडळीची रीत. सुताराची बायको शिवणकाम करायची. त्या शिवणवालीचं नाव चढलं, तेव्हा सोमवारी कुणी सूप आणलं, मंगळवारी कुणी चादरी धुवायला नेल्या, आणि निवृत्त नर्स रोज सकाळी येऊन तिची पाठ पुसून तिला कुशीवर वळवू लागली. नर्सला सगळे टोचणीमावशी म्हणत. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं नि मुंगीच्या पावलांनी जातं, असं कुणी म्हणालं की मावशी म्हणे, आमची मुंगी लंगडीसुद्धा आहे, धीर धरा. शिवणवाली हसे. हसली की खोकला येई, तरी हसे.

सात महिने मंडळीनं तिला तळहातावर झेललं. मग चार आठवडे ती खरंच हिंडूफिरू लागली. एका रविवारी चर्चमध्ये उभी राहून म्हणाली, मला बरं वाटतंय. एवढंच म्हणाली. पण पाळकसाहेबांचे डोळे भरून आले, उपकारस्तुती झाली, आणि कुणीतरी ओल्या फडक्यानं तिचं नाव पुसलं. फळा वाळायच्या आत तिथं काचवाल्याच्या लेकीचं नाव आलं. पाच वर्षांची पोर, रक्ताचा आजार. सूप, चादरी, मावशी, सगळं त्या दाराकडे वळलं. वळायलाच हवं होतं.

काचवाल्याची बायको दर रविवारी शिवणवालीला खेटून बसे. पुरात सापडलेलं माणूस फांदी धरतं, तसं तिचं मनगट धरून बसे.

आजार परत आला तो हाडांतून. डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवून सांगितलं, आता करण्यासारखं काही उरलं नाही, दुखणं कमी ठेवू. घरी येताना ती म्हणाली, फळ्यावर नाव घालायचं नाही.

सुतारानं परोपरीनं समजावलं. त्याची कंबर गेली होती. तिला उचलताना दोनदा दोघंही जमिनीवर बसले होते. तिच्या पाठीला जखम झाली होती आणि ती कशी धुवावी हे त्याला कळत नव्हतं. लाकडातली गाठ त्याला बोटानं कळे. इथं बोट लावायचीच भीती. निदान मावशीला तरी सांगू, तो म्हणाला.

"मावशीला कळलं की मंडळीला कळलं. मंडळीला कळलं की त्या पोरीच्या आईला कळलं," ती म्हणाली. "अहो, माझ्याकडे बघून ती पोरीला औषध पाजते."

त्या रविवारी शिवणवालीला उठवेना. सुतार एकटाच गेला, मनाशी पक्कं करून. आज सांगायचं. ती रागावली तर रागावू दे, पण हात चार हवेत. कुणाला काही सांगायचंय का, असं पाळकसाहेबांनी विचारलं आणि तो उभा राहिला. आपणच रंधा मारलेल्या बाकाची कड त्यानं घट्ट धरली.

काचवाल्याची बायको वळली. मांडीवर पोर होती. तिच्या डोक्यावर लोकरी टोपी, टोपीखाली केस नव्हते.

"ताई आल्या नाहीत आज?" तिनं विचारलं. आवाज इतका बारीक, की सगळं चर्च गप्प झालं.

"बरी आहे," सुतार म्हणाला. "जरा दमलीय."

मंडळी आमेन म्हणाली. कुणी गाणं उचललं, बाकीच्यांनी साथ धरली. बाहेर पडताना मावशीनं त्याच्या खांद्यावर थोपटलं. तिला सांगा, मी येत नाही म्हणून रुसू नको, माझं काम संपलं यातच आनंद आहे.

घरी शिवणवाली भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"विचारलं तिनं?"

"विचारलं."

"मग?"

"बरी आहे म्हटलं."

तिनं डोळे मिटले. त्यानं पाणी कोमट केलं, फडकं बुडवलं, आणि जखम पुसायला घेतली. हात चुकीच्या बाजूनं गेला असावा, कारण तिचं सगळं अंग ताठ झालं. खिडकीखालून चर्चहून परतणारी माणसं बोलत चालली होती. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तिनं उशीचं टोक दातांत धरलं.