क्लाइव्हने लपवलेला नट

त्र्याहत्तराव्या वर्षी लेफ्टेरिसला फोनची घंटा ऐकू येत नसे. पण समोरून जाणाऱ्या परक्या गाडीच्या दारातला एक स्क्रू ढिला आहे, हे तो कॉफीचा घोट घेता घेता सांगे. "सोयीचं बहिरेपण आहे तुझं," असं त्याची मुलगी थालिया म्हणायची, आणि त्यात तथ्य होतं. एलिझाबेथ नावाच्या उपनगरातल्या मोटार कारखान्यात अठ्ठावीस वर्षं त्याने एकच काम केलं. नवी कोरी गाडी कारखान्यामागच्या खडबडीत रस्त्यावर फिरवायची, कान टवकारायचे, आणि जिथे खडखड ऐकू येईल तिथे पिवळ्या मेणपेन्सिलीने फुली मारायची. काहीच वाजलं नाही तर काचेच्या कोपऱ्यात एक छोटी बरोबरची खूण. वाजणाऱ्या गाडीवर ती खूण त्याने उभ्या आयुष्यात केली नव्हती.

आता कारखाना बंद पडून गोदामं झाली होती. उरली होती ती त्याच्या अंगणातली हिरवी गाडी, नव्व्याण्णव सालची, सहा सिलिंडरची, त्याच्याच लोकांनी जोडलेली. गेल्या मंगळवारी तिचंही इंजिन जे बसलं ते बसलंच.

थालिया नेमकी सुटीवर आली होती. ती दूर पश्चिमेला लिथियमच्या खाणीत घराएवढा डंपर चालवायची. दोन आठवडे खाणीवर, दोन आठवडे घरी.

"बाबा, पुरे झालं आता. भंगारवाल्याला बोलावते. तुला नवी विजेची गाडी घेऊ."

"तुमच्या बॅटऱ्या काय झाडाला लागतात? डोंगर पोखरता त्यांच्यासाठी. तूच सांगत होतीस."

"पोखरतो. मी रोज त्या खड्ड्यात उतरते, मला दिसतो तो. तू पंचवीस वर्षं धूर सोडलास, तो मागच्या मागे गेला म्हणून तुला दिसला नाही, एवढंच."

लेफ्टेरिसने कॉफी थंड झाल्याबद्दल कुरकुर केली. गाडी न सोडण्याचं खरं कारण निराळंच होतं. ते सांगायची त्याला लाज वाटत होती.

कारखान्यात एक रीत होती. आपल्यातल्या कुणी स्वतःसाठी गाडी नोंदवली की ती पट्ट्यावरून सरकताना प्रत्येक जण तिच्यात एक नट लपवायचा. गाडीच्या मालकाने तो खडखडीवरून शोधून काढायचा आणि टाकणाऱ्याने त्याला 'मीट पाय', म्हणजे खिमा भरलेली भाजलेली कचोरी, खिलवायची. खडखड शोधणाऱ्याचीच गाडी म्हटल्यावर मंडळींना चेव चढला. लेफ्टेरिसने दोन महिन्यांत सात नट काढले, सात मीट पाय चापले. आठवा क्लाइव्हचा. क्लाइव्ह छतं जोडायचा, इंग्लंडातून आलेला, लाल नाकाचा, महा थापाड्या. "माझा सापडणार नाही तुला, लेफ्टी!" दर शुक्रवारी तो हेच म्हणायचा. वीस वर्षं म्हणत राहिला. तीन वर्षांपूर्वी इस्पितळात नळ्या लावलेल्या असतानाही त्याने डोळे मिचकावून विचारलं होतं, "नाही ना सापडला?"

आणि खरंच सापडला नव्हता. नट आहे की क्लाइव्हने वीस वर्षं टोपी घातली, हे कळण्याआधीच भंगारवाला गाडी चेपून टाकणार, या विचाराने म्हाताऱ्याला जेवण जाईना. शेवटी त्याने लेकीला सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही. क्लाइव्हकाकाच्या खांद्यावर बसून तीही लहानाची मोठी झाली होती. तिने भंगारवाल्याऐवजी टुआनला फोन लावला.

टुआन पूर्वी त्याच कारखान्याच्या रंगखात्यात होता. आता एका पत्र्याच्या शेडमध्ये तो जुन्या गाड्यांना विजेची मोटर बसवायचा.

"लेफ्टी, हा सांगाडा बघ, कुठे गंजाचा ठिपका नाही. रंग कुणी दिलाय? मी! नवी गाडी करायची म्हणजे नवं पोलाद वितळवा, त्यासाठी कोळसा जाळा. त्यापेक्षा हिला जगव."

"पण तिचा आवाज जाईल."

"आवाज जाईल, धूरही जाईल. खाणीतला खड्डा तेवढा राहील, तो आपल्या थालियाच्या नावावर."

"मग वीज तू पायाने पेडल मारून करणार का?" थालिया म्हणाली.

इंजिन निघालं तेव्हा लेफ्टेरिस तिथेच उभा होता. साखळीला लटकलेलं ते धूड पाहून त्याला भडभडून आलं. सकाळी ते सुरू करताना होणारा घुमणारा आवाज त्याच्या बायकोलाही आवडायचा. मग दारं उघडली, आसनं काढली, गालिचे उचलले. तो गुडघ्यांवर बसून बोटांनी प्रत्येक खाच चाचपत होता. नट नव्हता.

"थापाड्या होता मेला," तो म्हणाला. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली आणि महिनाभर गाडीकडे फिरकला नाही. मित्र मेला तेव्हा रडला नव्हता एवढा तो त्या महिन्यात रडला.

गाडी तयार झाली तेव्हा थालियाने त्याला ओढूनच नेलं. शेजारी ती बसली, स्टिअरिंगवर तो. गाडी निघाली तर काही वाजेचना. त्याचा पाय दोनदा सवयीने क्लचकडे गेला.

"दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय," तो पुटपुटला.

मग हळूहळू सगळं ऐकू येऊ लागलं. टायरखालची खडी, काचेवरचा वारा, आसनाची कुरकुर, लेकीचा श्वास. पंचवीस वर्षं हे सगळं इंजिनाच्या घरघरीखाली दडून राहिलं होतं. जुन्या कारखान्याच्या कोपऱ्यावर त्याने डावीकडे वळण घेतलं आणि गाडी रेल्वेचे रूळ ओलांडू लागली.

टक्.

"बाबा, मला वाटतं..."

"गप्प बस!"

त्याने गाडी वळवून पुन्हा रुळांवरून घेतली. टक्. बारीक, वरून, थेट त्याच्या डोक्यावरून. छताच्या कडेची पोकळ पट्टी; चारी बाजूंनी जोडून बंद केलेली. छत बसवण्याआधीच क्लाइव्हने नट आत सोडला होता. टुआनने तेव्हा दिलेला रंग आत झिरपून तो जवळजवळ चिकटला होता, म्हणून जेमतेमच हलायचा. पट्टी कापल्याशिवाय तो कुणालाच काढता आला नसता.

"आहे," लेफ्टेरिस म्हणाला. "थालिया, आहे तो! खरं बोलत होता गाढव!"

डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलं नाही. थालियाने छताला हात लावला. "टुआनला सांगू? कापून काढेल तो."

लेफ्टेरिसने समोरचा कप्पा उघडला. मेणपेन्सिल तिथेच होती, बोटभर उरलेली. त्याने काचेच्या कोपऱ्यात एक छोटी बरोबरची खूण केली.

"बाबा," थालिया हळूच म्हणाली, "ही गाडी तर वाजतेय."

"हो," तो म्हणाला, "वाजतेय." आणि त्याने गाडी पुन्हा रुळांकडे वळवली.