रडणारी लुसिया

अर्जुनी मोरगावजवळच्या त्या छोट्या प्रार्थनाघरात रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. गोंदियाहून आलेल्या गाड्या पार धानाच्या बांध्यांपर्यंत उभ्या. समोर टेबलावर डोळ्यांची रक्षणकर्ती मानलेल्या संत लुसियाची मूर्ती, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट, आणि दोन्ही डोळ्यांतून खरोखर पाणी झिरपत होतं!

"यही आँसू हर आँख का इलाज!" प्रार्थना चालवणारे योगराज ब्रदर गरजले. "चष्मा फेको, ड्रॉप फेको! दवा मतलब शक, और शक मतलब पाप!"

"हालेलुया!"

मागे पुष्पांजली उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिची माय कुंदाबाई पहिल्या रांगेत बसली होती. मायला काचबिंदू. 'औषधाचे थेंब चुकवू नका, गेलेली नजर परत येत नसते,' असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण नाताळापासून मायनं थेंब सोडले आणि मूर्तीचं पाणी डोळ्यांत घालू लागली. पुष्पांजली भांडली, रडली, उपाशी राहिली.

"लुसियाचे डोळे काढले, तिनं छळ सोसला," माय म्हणायची. "तिले माह्यं दुखणं समजते. तुले नाही समजत."

आता माय भिंत चाचपत चालायची.

त्या रविवारी बायबलचं वाचन थोमाचं होतं, येशूच्या जखमांना बोट लावल्याशिवाय तो पुन्हा जिवंत झाला हे न मानणाऱ्या शिष्याचं. "थोमा जैसा शक मत करो!" ब्रदर म्हणाले.

पुष्पांजली पुढे गेली. "प्रभूनं थोमाला हाकललं नव्हतं, ब्रदर. बोट लावून पाहा म्हणाला. मग मीही पाहते."

कुणी अडवायच्या आत तिनं मुकुट उचलला. खाली डोक्याला भोक, त्यात कापसाचा बोळा. तो काढून मूर्ती कलती केली, तसं पाणी भळाभळा टेबलावर सांडलं.

"मूर्ती प्लास्टरची आहे, आतून पोकळ. प्लास्टर पाणी पितं, वरचं व्हार्निश ते अडवतं. फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यात व्हार्निश खरवडलंय, म्हणून तिथूनच झिरपतं. अशी कुठलीही मूर्ती रडेल!"

"शैतान घुसा है इसमें!" ओरडत ब्रदर मागच्या दारानं सटकले. काही लोक शरमून उठले. पण चार बाया मात्र सांडलेलं पाणी पदरानं टिपून डोळ्यांना लावत होत्या.

"काऊन गलका होऊन राहिला वो?" कुंदाबाईनं विचारलं.

"माय, डोक्याला भोक आहे. हे पाहा."

"मले नाही दिसत, पोरी."

पुष्पांजलीनं मूर्ती मायजवळ नेली आणि तिचं बोट धरून त्या भोकावर टेकवलं. मायनं भोकाची कड बोटानं चाचपली. मग हळूच म्हणाली, "मंग माह्या थेंबाची शिशी कोठी हाये?"

शिशी पुष्पांजलीच्या पर्समध्येच होती. तिनं तिथंच थेंब घातले. दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि नकारार्थी मान हलवली. फक्त उजव्या डोळ्यात उजेडाची तिरीप उरली होती. ती टिकली तर टिकेल. गेलेलं गेलं.

संतांच्या कथा जरूर वाचाव्यात. दुःख सोसायला त्या बळ देतात. पण औषध डॉक्टरच्या हातूनच घ्यावं, आणि जो कुणी 'तपासू नका' म्हणेल, त्याला त्याच क्षणी तपासावं. कुंदाबाईला हे पटलं, पण तोवर फार उशीर झाला होता.